हाक कोणाची, सदरा कोणाचा

मी एक जुना माणूस आहे, पण मातीचा. मित्रांनो, हसू नका. माझी हाडे तुतीच्या काटक्यांची आहेत, डोक्याच्या जागी नारळाची करवंटी आहे आणि अंगावर अंड्याचा पांढरा बलक फासलेला आहे. गेली चाळीसएक वर्षे मी समुद्रकाठच्या वाळूत, लसणाच्या शेताच्या बांधाशी उताणा निजलो आहे. माझ्या अंगात एक तपकिरी सदरा आहे. त्या सदऱ्यापायी एकदा माझे तुकडे तुकडे व्हायची वेळ आली होती. तीच गोष्ट तुम्हांला सांगणार आहे.

आमच्या बेटावरची माणसे मासे धरायला फार लांब जातात. सगळी परत येतात असे नाही. समुद्र माणूस घेतो आणि देहही परत देत नाही. मग घरच्यांनी पुरायचे काय? कबर नसली तर तो जीव पाण्यावर गारठत, उपाशी भटकत राहतो, असे इथले लोक मानतात. म्हणून डोंगराच्या मातीचा माणूस घडवतात. गेलेल्याचे कपडे त्याला घालतात. समुद्राकडे तोंड करून पूर्ण नावाने तीन हाका मारतात आणि मग त्याला पुरतात. अशा कबरीला इथे वाऱ्याची कबर म्हणतात. ज्याला हाक मारली तो वाऱ्यावरून येतो आणि मातीत शिरतो.

माझा जन्म एका वादळामुळे झाला. सहा माणसांची एक होडी गेली ती आलीच नाही. त्यांत पाच जण बेटावरचे होते आणि सहावा होडीवरचा म्हातारा आचारी होता. शंभर दिवस झाले, तेव्हा तोआन गुरुजींनी डोंगरावरून माती आणली आणि पाच माणसे घडवायला घेतली. गुरुजी हाताचे हळुवार होते, पण तोंडाचे फटकळ. मला घडवताना म्हणाले, "खांदे जरा रुंद करतो. खांग पोहणारा गडी होता."

म्हणजे मी खांग व्हायचा होतो. पण खांगच्या घरात माझ्यावरून जुंपली होती. अंगणातल्या चटईवर ओल्या अंगाने पडून मी सगळे ऐकत होतो. खांगची आई थामबाई आणि बायको दिएप, दोघींचा आवाज चढला होता.

"शंभर दिवस झाले, सूनबाई. आणखी किती वाट बघायची? माझं पोर तिकडे गारठतंय."

"गारठत असेल तर जिवंत आहेत म्हणून गारठताहेत, आई. मेलेल्याला कसली आलीय थंडी?"

"जिभेला काही हाड तुझ्या?"

"हाडं बाहेर त्या मातीच्या बाहुल्याला लावताहेत. त्यातलं एक मागून आणू का?"

थामबाई एकदम खाली बसल्या. मग त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "मला रडायला एक जागा हवी गं. घरात रडले की तू डोळे वटारतेस. बाहेर रडले की लोक बघतात. बाकीच्या चार घरांनी ठरवलंय. त्यांच्या पोरांना जागा मिळेल आणि माझं तेवढं पाण्यावर राहील?"

शेवटी दिएप म्हणाली, "करा तुम्हांला काय करायचं ते." आणि ती माझ्यासाठी कपडे आणायला आत गेली.

मित्रांनो, आत काय झाले ते दारातून मला दिसले आणि त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. पेटीत दोन सदरे होते. एक निळा, तो खांगचा. दुसरा तपकिरी, तो आचाऱ्याचा. किनाऱ्यावर असला की तो म्हातारा ह्यांच्याच घरी जेवायचा आणि जाळ्यांच्या खोपटात निजायचा. कॉलर फाटली म्हणून त्याने सदरा शिवायला ठेवला होता. दिएपने निळा सदरा उचलला, छातीशी धरला आणि पेटीच्या तळाशी दडपला. मग ती तपकिरी सदरा घेऊन बाहेर आली. माझ्या मातीच्या हातात बाही चढवताना ती माझ्या कानाशी पुटपुटली, "तुला मी खांग होऊ देणार नाही. माफ कर मला."

गुंड्या लावायला थामबाई पुढे आल्या. आईनेच लावायच्या असतात. त्यांचा हात कॉलरपाशी आला आणि थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिले. सून समुद्राकडे बघत होती. थामबाईंनी सावकाश माझी शेवटची गुंडी गळ्यापर्यंत लावली. मला वाटले, माउलीला हुंदका आवरत नाही.

हाका मारायच्या आधी गुरुजींनी विचारले, "आचाऱ्याचं काय करायचं? त्याचंही करून टाकू एकाच खर्चात."

"आठव्या काकांचं?" कोणीतरी म्हणाले. आमच्याकडे माणसाला भावंडांतल्या क्रमांकाने हाक मारायची रीत आहे, आणि त्या म्हाताऱ्याला बेटावर सगळे आठवे काका म्हणत. तो पलीकडच्या किनाऱ्यावरून आलेला, पुढेमागे कोणी नसलेला माणूस होता.

"त्यांचं खरं नाव काय?" गुरुजींनी विचारले.

त्या माणसाच्या हातची पेज निम्म्या बेटाने खाल्ली होती. "नाव कुणी विचारलंच नाही हो," होडीमालकाची बायको म्हणाली, "भात झाला का, एवढंच विचारायचो."

"नावाशिवाय हाक कशी मारू? आठ नंबरच्या पोरांना काय तोटा आहे! भलताच कोणी येऊन बसायचा," गुरुजी म्हणाले. सगळ्यांना वाईट वाटले. मग जेवण निवत होते म्हणून सगळे जेवायला बसले.

तिसऱ्या प्रहरी ओहोटी लागली आणि गुरुजींनी पाच नावांनी हाका मारल्या. माझ्यासाठी त्यांनी आरोळी दिली, "वो दिन्ह खांग! घरी ये!" एकदा, दोनदा, तीनदा. हाक ऐकली की मातीला आपण कोण ते उमगते. पण नाव एकाचे आणि सदरा दुसऱ्याचा, तेव्हा मी कोण हे मलाच कळेना. तशाच अवस्थेत माझ्यावर वाळू पडली.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. अमावास्येला आणि पौर्णिमेला थामबाई पेज आणि भाजलेली म्हाकूळ मासळी घेऊन येत. उदबत्त्या लावून तासभर बसत. मन भरेपर्यंत रडत, आणि रडून झाले की सुनेच्या कागाळ्या सांगत. "दिवसातून तीनदा धक्क्यावर जाते. लोक हसतात. लसूण वाळत घालायला सांगितला तर पडवीत बसून समुद्र वाळवते जणू." जाताना मात्र त्यांची पाठ ताठ असे. पाचही कबरींत माझी कबर सगळ्यांत नीटनेटकी आहे, असे लोक बोलत. मला ती स्तुती टोचायची. मी खोटा आहे हे मला ठाऊक होते आणि हे कधीतरी उघडे पडणार, ह्या भीतीने मी आतल्या आत सुकत होतो.

दिएप सणावारी येई, पण वाकत नसे. माझ्याकडे पाठ करून समुद्र बघत उभी राही. "कसली बायको म्हणायची!" असे शेजारणी मोठ्याने बोलत. एकदा ती एकटीच आली. इकडेतिकडे बघून खाली बसली, माझ्यावरचे गवत उपटले आणि म्हणाली, "आठवे काका, ही पेज तुम्हांला पोचते का हो? नाव ठाऊक असतं तर नीट बोलावलं असतं." त्या दिवशी मला जरा बरे वाटले.

अशी पावणेदोन वर्षे गेली. लसूण काढायचे दिवस होते, आणि बांधावरच्या बायकांच्या गप्पांतून बेटावरचे सगळे माझ्या कानी येई. पलीकडून मालाची होडी आली आणि तिच्यातून काठी टेकत एक हडकुळा दाढीवाला माणूस उतरला. धक्क्यावरच्या मासळीवालीने त्याला निरखून पाहिले आणि हातातली टोपली टाकून दिली.

"अगं बाई! तू खांग ना? मेलास ना रे तू? तुझ्या कार्याला जेवलेय मी!"

"मग परत जेव, काकी," तो म्हणाला. "मला पण वाढ."

खांग जिवंत होता. एका परदेशी जहाजाने त्याला पाण्यातून उचलून कुठल्या कुठे नेले होते. जवळ कागद नाहीत, भाषा येत नाही, म्हणून तिथे त्याला कोंडून ठेवले होते. त्याने धाडलेले एकही पत्र पोचले नव्हते. दिएप धावत आली ती त्याच्या गळ्यात न पडता त्याचे कान, नाक, बोटे चाचपत राहिली. एवढा आनंद बेटाने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. पण मित्रांनो, जिवंत माणसाच्या कबरीला बेटावर जागा नसते.

दुसऱ्याच दिवशी खांगला सणकून ताप भरला. बघता बघता बोलवा झाली की कबर त्याला ओढते आहे. गुरुजींनी नाडी पाहिली आणि निर्वाळा दिला. "एका नावाची दोन शरीरं झालीत. दोन राहू शकत नाहीत. उद्या दुपारची भरती यायच्या आत मातीचा उकरून काढा. त्याचे कपडे ह्याच्या अंगात घाला, म्हणजे जीव परत फिरेल. आणि माती फोडून समुद्रात टाका."

दिएप पेचात सापडली. कपडे! नवऱ्याच्या तापलेल्या अंगात आता ती आचाऱ्याचा, बहुधा मेलेल्या माणसाचा, सदरा घालणार होती. न घालावा तर सगळे कबूल करावे लागणार.

सकाळी लसणाच्या शेतातल्या कुदळी माझ्या डोक्यावर वाजू लागल्या. मी भीतीने गारठलो. खोटा का होईना, पण मी पावणेदोन वर्षे एका आईचे रडे ऐकले होते. त्याचे फळ म्हणजे डोक्यात घाव? वाळू पातळ होत गेली. एवढ्यात दिएप धावत आली.

"उघडू नका! तसाच गोणपाटात गुंडाळा आणि टाका समुद्रात!"

"आणि कपडे?" गुरुजी म्हणाले. "नवरा वाचायला नको का तुला?"

मला वर काढून वाळूत ठेवले. ऊन थेट करवंटीवर आले. गुरुजींनी गुंड्या काढल्या, सदरा उतरवला आणि झटकला. "हा घे आणि पळ. तसाच घाल त्याला, धुऊ नकोस."

दिएपने हात मागे घेतले. "तो त्यांचा नाही."

"काय?"

"आठव्या काकांचा आहे. मी मुद्दाम दिला. नवऱ्याला जिवंतपणी पुरायचं नव्हतं मला."

शेजारच्या चार कबरींच्या बायका तिथेच होत्या. एकीने आपल्या कबरीवर हात ठेवला, जणू आतला माणूस उठून पळेल. गुरुजी कडाडले, "माझ्या तोंडून खोटी हाक मारवलीस? तीस वर्षांत माझी हाक चुकली नव्हती! म्हणूनच तो तापला. तुझ्या हट्टानं त्याला खाल्लं."

"तिला कशाला बोलता?" मागून थामबाईंचा आवाज आला. म्हातारी गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिने सदरा हातात घेतला आणि कॉलर उलटी करून दाखवली. "हे टाके कुणाचे आहेत? माझे. आठव्यानं कॉलर शिवायला माझ्याकडेच दिली होती. त्याच दिवशी मी ओळखलं."

दिएप सासूकडे वळली. "आई, तुम्हांला ठाऊक होतं?"

"मला काय आंधळी समजलीस?"

"मग दोन वर्षं पेज कुणाला घालत होतात?" गुरुजींनी विचारले.

"रडायला जागा हवी होती मला. आणि पोरगं मेलेलं नको होतं. दोन्ही हवं होतं. म्हातारीची हाव म्हणा." थामबाईंनी डोळे पुसले. "ह्या पोरीनं मला दोन्ही दिलं. वर मी तिच्याच कागाळ्या सांगत बसले."

मित्रांनो, तेव्हा कुठे मला त्यांचा कॉलरपाशी थांबलेला हात समजला. पण गुरुजी विरघळले नाहीत. "ते सगळं खरं. पण आत आहे कोण? हाक एकाची, कपडे दुसऱ्याचे. असली बेवारशी माती ठेवली तर उद्या सगळ्या बेटाला ताप येईल. बाजूला व्हा." त्यांनी कुदळीचा दांडा उचलला. तो बरोबर माझ्या कपाळावर होता. मी डोळे मिटले असते, पण मातीच्या माणसाला पापण्या नसतात.

"गुरुजी, थांबा!"

गोधडी पांघरून, दोघांच्या खांद्यांवर भार टाकून खांग आला होता. त्याचे दात वाजत होते. थामबाईंच्या हातातला सदरा त्याने पाहिला आणि हातात घेतला.

"हा कसा इथे आला?" त्याने सदरा तोंडाशी धरला. मग बोलू लागला. "होडी फुटली तेव्हा एक गोल टोपलीहोडी माझ्या हाताला लागली. तिच्यावर आठवे काका होते. टोपली दोघांचा भार घेईना. एक जण आत आणि एक जण कडेला लटकून, असे आळीपाळीनं राहायचो. पाण्याची एक बाटली होती. मला वाटायचं, ते पण पितात. तिसऱ्या दिवशी कळलं की नुसतीच तोंडाला लावायचे. म्हणाले, दुसऱ्यांना वाढून मग उरलं तर खायचं, चाळीस वर्षांची सवय आहे रे. मग आपल्या कमरेच्या पट्ट्यानं मला टोपलीला बांधलं."

गुरुजींचा दांडा खाली आला होता.

"म्हणाले, माझ्यामागे रडणारं कुणी नाही, त्याचं काही नाही. पण आठवा आठवा म्हणून विसरू नका रे मला. आईनं नाव ठेवलं होतं माझं. त्यांनी माझ्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. मग त्यांची कडेला लटकायची पाळी आली. मला डोळा लागला. उठलो तर कडेला कुणी नव्हतं." खांगला दम लागला. "कोंडलं होतं तिथे रोज उठल्यावर मी आधी ते नाव म्हणायचो. माझं नाव विसरलो असतो तरी चाललं असतं, ते विसरून चालणार नव्हतं. दांग वान मिएन. फू डिएम गावचे, मिठागराच्या वस्तीतले. दांग वान मिएन."

थामबाईंनी खांगच्या हातून सदरा घेतला, झटकला आणि पुन्हा माझ्या अंगात चढवायला घेतला.

"असं नाही करता येत, काकी," गुरुजी पुटपुटले. "एकदा हाक घातलेल्या मातीला दुसरं नाव लागत नाही."

"पहिलं लागलंच कुठे होतं?" थामबाई म्हणाल्या आणि गळ्यापर्यंत गुंडी लावली.

गुरुजींनी दांडा टाकला, पाण्यात गुडघ्यापर्यंत जाऊन उभे राहिले आणि पूर्ण नाव, गाव घेऊन हाक मारली. भरती चढत होती. दुसऱ्या हाकेला त्यांचा आवाज फाटला. तिसरी हाक सगळ्यांनी मिळून मारली. मित्रांनो, मातीच्या माणसाला काय वाटते हे कोणी विचारत नाही, पण सांगतो. आपल्याला आपल्या नावाने बोलावले, एवढेच मला कळले आणि पावणेदोन वर्षांची माझी भीती गेली.

खांगचा ताप आणखी चार दिवस राहिला. गुरुजी म्हणाले, माती सावकाश सोडते. मला वाटते, तो नुसताच ताप होता.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. खांग दर वर्षी वादळाच्या तिथीला येई आणि आल्या आल्या ते नाव मोठ्याने म्हणे. पोरांकडूनही म्हणवून घेई. जो म्हणणार नाही त्याला पेज नाही. त्याने आधी फळीवर नाव लिहिले, मग सिमेंटच्या पाटीवर कोरले. थामबाई गेल्या. पुढे खांगही गेला. तो घरी, आपल्या अंथरुणात गेला आणि स्वतःच्या हाडांसकट डोंगरावर निजला. मग पोरे कामासाठी पलीकडे गेली. खारा वारा रोज थोडी थोडी पाटी खात राहिला. आता तिच्यावर बोट फिरवले तर काहीही हाताला लागत नाही.

यंदा कबरी झाडायच्या सणाला दिएप आली. आता तीच म्हातारी झाली आहे. बरोबर शहरात नर्सिंग शिकणारी नात होती. तिच्या हातात लाल रंगाची डबी आणि कुंचला होता.

"सांग, आजी. आज पाटी पक्की करून टाकू. सरकारी माणसं येणार आहेत. नाव नसलेल्या कबरी रस्त्यासाठी काढणार म्हणे. काय लिहू?"

"आठवे काका," दिएप म्हणाली.

"ते नाही गं. खरं नाव."

"थांब. आहे की. तुझे आजोबा रोज म्हणायचे." दिएप बोलायची थांबली. तिने कपाळ चोळले. "सदरा तपकिरी होता. कॉलरला आईंचे टाके होते, पांढऱ्या दोऱ्याचे. पेजेत आलं जास्त घालायचे ते. मिठागराच्या वस्तीतले..." तिचे ओठ हलत राहिले. काही येईना. ती वाळूत बसली, माझ्या छातीवर हात ठेवला आणि लहान मुलीसारखी घाबरून म्हणाली, "अगं, जिभेवर आहे गं. आत्ता होतं!"

नात कुंचला धरून उभी आहे. रंग वाऱ्याने सुकत चालला आहे. मी खालून जिवाच्या आकांताने ओरडतो आहे, पण मातीला आवाज नसतो. म्हणून तर हे सगळे तुम्हांला सांगितले. मला फुले नकोत, उदबत्ती नको. मित्रांनो, ते नाव तुम्ही आत्ताच वाचले आहे. एकदा मोठ्याने म्हणा ना.